दुष्काळ आणि प्रशासन : अमर्त्य सेन व ज्याँ द्रेझ यांचे संशोधन

पाऊस पडला नाही, धान्य पिकले नाही, म्हणून माणसे उपाशी मेली, असे आपण सहज म्हणून जातो. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्य व दुष्काळ या विषयावरील ग्रंथात या समजुतीलाच हात घातला. लोकप्रशासनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे संशोधन मुळातून वाचावे, असे आम्हास वाटते.

सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे आकडे तपासले. त्यांच्या हिशेबाने त्या वर्षीचा धान्यपुरवठा मागील पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता. १९४१ साली तर याहून कमी धान्य होते, पण त्या वर्षी दुष्काळ पडला नाही. तरीही १९४३ च्या आपत्तीत सुमारे तीस लाख माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. युद्धामुळे तांदळाचे भाव भडकले, मजुरी मात्र तेथेच राहिली. मेले ते शेतमजूर, मच्छीमार, गावातले कारागीर. ज्याच्या हातात पैसा किंवा स्वतःचे धान्य होते, तो तरला. सेन त्या वेळी दहा वर्षांचेही नव्हते. दारी येणाऱ्या भुकेल्यांना सिगारेटच्या डब्याने तांदूळ द्यायची परवानगी आजोबांनी त्यांना दिली होती, ही आठवण त्यांनी सांगितली आहे.

मग प्रशासन काय करीत होते? १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. संकटाची चाहूल कशी घ्यावी, कामे कधी उघडावीत, मजुरी किती द्यावी, सर्व त्यात लिहिलेले होते. बंगालमध्ये ती संहिता लागूच केली गेली नाही. लागू केली असती तर ठरलेले धान्य देणे सरकारवर बंधनकारक झाले असते. नियम कपाटात होता आणि माणसे कलकत्त्याच्या पदपथावर मरत होती.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. १९७० ते १९७३ या काळातील महाराष्ट्राच्या दुष्काळाचा अभ्यास ज्याँ द्रेझ यांनी केला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'बहात्तरचा दुष्काळ' आणि लाल मिलो अजून आहे. पीक निम्म्याहून खाली आले होते, म्हणजे धान्याची घट बंगालपेक्षा कितीतरी मोठी होती. तरी मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत. द्रेझ यांचे उत्तर असे की, सरकारने गावोगाव कामे काढून लोकांच्या हाती रोख मजुरी दिली. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशा कामांवर होती. मजुरी हाती आली की बाजार धान्य घेऊन मागे येतो. शिवाय जी तूट होती ती सर्व थरांत वाटली गेली. एकट्या भूमिहीनाच्या पोटावर ती पडली नाही. कामावर लहान शेतकरीही आले होते.

पण हे केवळ अधिकाऱ्यांच्या सद्‌बुद्धीने झाले असे मानू नये. कामे कमी पडली की मोर्चे निघत, विधिमंडळात प्रश्न विचारले जात, वर्तमानपत्रे लिहीत. हा दबाव द्रेझ यांनी मुद्दाम नोंदविला आहे. सर्व सुरळीत होते असेही नाही. जनावरे गेली, मजुरी तुटपुंजी होती. (गंमत अशी की, महाराष्ट्राने १९६३ सालीच कायदा करून आपल्या कायद्यांतील 'दुष्काळ' शब्द काढून 'टंचाई' शब्द घातला होता. शब्द गेला, दुष्काळ आला.)

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला या अनुभवाने बळ मिळाले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यापूर्वी मजूर कामासाठी विनंती करीत असे. आता तो हक्काने मागू लागला. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. पुढे २००५ साली देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या पहिल्या मसुद्याच्या कामात द्रेझ स्वतः होते.