न्यासपत्र आधी, अर्ज मागाहून

मुंबईच्या एका संशोधनसंस्थेच्या हिशेब-दफ्तरात नोकरीची वर्षे पुरी करून मी धामापुरास परतलो, तरी धर्मादाय न्यासांकडे जाणारे अर्ज तपासण्याचे काम काही सुटले नाही. कारण अर्बुदांवर संशोधन करणारी आमच्या मालवण-कुडाळकडची मुलेमुली सुटीत गावी आली की मसुदे घेऊन ओटीवर येऊन बसतात, आणि त्यांतल्या बहुतेक मसुद्यांत शास्त्र उत्तम असूनही अर्ज मात्र भलत्याच दारी निघालेला असतो.

दानाचा पैसा दात्याच्या इच्छेने बांधलेला असतो आणि ती इच्छा न्यासपत्राच्या उद्देश-कलमात शब्दशः नमूद असते, ही गोष्ट प्रयोगशाळेत कोणी शिकवीत नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजींनी १९३२ साली जो न्यास स्थापिला, त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरातील रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनास आणि उरलेला एक पंचमांश हिंदुस्थानात मानवी व्याधी कमी करू पाहणाऱ्या संशोधनास, अशी वाटणी त्यांनी करून ठेवली. न्यास एकच, परंतु वाटे दोन आणि निकषही दोन. स्तनातील वा मेंदूतील गाठीवर काम करणाऱ्याने पहिल्या वाट्याकडे अर्ज धाडला, तर त्यातील विद्वत्ता कितीही थोर असली तरी विश्वस्तांचे हात बांधलेलेच राहणार. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, ते सर दोराबजींच्या नावाच्या निराळ्या न्यासाच्या द्रव्यातून. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की न्यासपत्र वाचले काय? रुग्णांना औषधपाणी देणारा न्यास आणि संशोधनास द्रव्य देणारा न्यास हे दोन्ही ‘कर्करोगासाठी’ असे म्हणवतात. पण पहिल्याला उंदरांच्या पिंजऱ्यासाठी एक छदामही खर्ची घालता येत नाही.

उंदरांचा उल्लेख सहज केलेला नाही. एका न्यासाने एका प्रयोगशाळेस एक अतिशय महाग यंत्र देऊ केले, समारंभ झाला, फलक लागला; मात्र ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, दुरुस्तीचा वार्षिक करार आणि प्राण्यांच्या खोलीचा खर्च यांची तजवीज मंजुरीपत्रात नव्हती, आणि मुदत संपण्याआधीच यंत्रावर कापडाचे आच्छादन चढले. अर्बुद-संशोधनात विशिष्ट वाणाचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या राखावे लागतात. त्यांचा खुराक, पिंजऱ्यातील तूस बदलणे, खोलीचे तापमान यांना रविवार नाही की दिवाळी नाही. कमल रणदिवे यांनी १९५२ साली परळला सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात, वसंत खानोलकरांच्या हाताखाली, स्तनाच्या कर्करोगाचा छडा लावण्यासाठी जे प्रयोग केले, त्यांच्या मुळाशी असेच राखलेले उंदीर होते. आमचे धामापूरचे तळे नागेश देसाई यांनी १५३० साली बांधले असे सांगतात, आणि २०२० साली जागतिक सिंचन-वारसा म्हणून त्याचा गौरवही झाला. पण ते आजवर पाणी देत राहिले ते बांध आणि पाट राखणाऱ्यांच्या श्रमांमुळे. अंदाजपत्रकात ही राखण लिहिण्यास संकोचू नये. वेतन, खुराक, दुरुस्ती हे सारे तपशीलवार मांडावे आणि दाता काय देत नाही हे अर्जापूर्वीच पत्राने विचारून घ्यावे.

शिष्यवृत्ती व्यक्तीला मिळते, अनुदान बहुधा संस्थेला. तेव्हा संस्थाप्रमुखांची संमती आणि नैतिकता समितीची मान्यता यांची व्यवस्था आधीच लावावी. परदेशातील न्यासाचा पैसा हवा असेल तर संस्थेकडे २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी अथवा परवानगी आहे की नाही हे लेखापालास विचारावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले असे द्रव्य दुसरीकडे वळते करता येत नाही, त्यामुळे ‘आमच्या नोंदणीवर घेऊ, मग तुम्हांला देऊ’ हा जुना मार्ग आता बंद आहे. आणि मंजुरी मिळवून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्यास ओटीवर बसवूच नये. शेजारच्या गावातील एका होतकरू मुलीचे बाबा अशा गृहस्थाच्या नादी लागून पीएफचे पैसे गमावून बसले, आणि ज्या विलायती न्यासाचे नाव त्याने घेतले होते तो शोधूनही सापडला नाही.

आता एक विनंती, अर्जदारांस नव्हे, दात्यांस. आपल्या कोकणात आईवडिलांच्या नावे स्मारकनिधी काढणारी घरे पुष्कळ आहेत, आणि कर्करोगाने माणूस गेलेली घरे तर त्याहून अधिक. आपण न्यासपत्र लिहावयास बसाल तेव्हा उद्देश-कलमात रुग्णसाहाय्याच्या शेजारी ‘संशोधन’ हा शब्द घाला, आणि त्यापुढे ‘वेतन व देखभालीसह’ एवढे आवर्जून लिहा.