मुलाने बटण-सेल गिळला तर?

"डॉक्टर, पोराने नाणे गिळले, केळी चारू का?" केळीच्या आपल्या मुलखात, दीपनगरचे पालक मला हे हमखास विचारतात. केळी नकोत, आधी एक्स-रे काढा. जठरात उतरलेले नाणे बहुधा शौचावाटे पडते. पण खेळण्यातला वा रिमोटमधला चपटा बटण-सेल अन्ननलिकेत अडकला, तर त्यातील विजेमुळे ओल्या आवरणावर तीव्र क्षार तयार होतो. दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. मूल हसत-खेळत असले तरी थांबू नका, उलटी करवू नका. लहान मुलांची एंडोस्कोपी होते अशा रुग्णालयात तातडीने न्या. तिथे भूल देऊन तोंडावाटे दुर्बीण घालतात व सेल काढतात. चिरफाड सहसा लागत नाही. घरातील खेळण्यांची सेलची झाकणे घट्ट आहेत ना, हे आजच पाहा.