रजोनिवृत्तीनंतर वजन का वाढते?

उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यात दिवसभर यंत्रावर बसणारी कारागीर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार स्त्री आणि बदलापूरहून सकाळची लोकल पकडून सुमारे ६८ किलोमीटरवरील मुंबई गाठणारी नोकरदार गृहिणी यांचे जीवनक्रम भिन्न आहेत. मात्र पंचेचाळिशी उलटल्यावर एक तक्रार तिघींच्याही तोंडी येऊ शकते : ‘जेवण पूर्वीइतकेच आहे, मग वजन का वाढते?’ घरची मंडळी त्याचे खापर आळसावर फोडतात आणि तीही स्वतःला दोष देऊ लागते. वस्तुस्थिती निराळी आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते. या सुमारास शरीरात दोन बदल एकदमच घडत असतात. पहिला वयाचा. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात. विश्रांतीच्या वेळीही ऊर्जा खर्च करणारे स्नायू कमी झाले की तेवढेच अन्न अधिक ठरते व शिल्लक भाग चरबीच्या रूपाने साठतो. दुसरा बदल संप्रेरकांचा. बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी होताच, पूर्वी मांड्या व नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. थोडक्यात, वजन वाढते ते मुख्यतः वयामुळे. ते कोठे साठावे, हे रजोनिवृत्ती ठरवते. अंगातून वाफा निघाल्याने झोपमोड होते, तीही या वाढीला हातभार लावते.

पोटातील चरबी मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना वाट करून देते. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे व एका ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु शरीरातील चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय स्त्रीनेही कंबर मोजणे इष्ट, ते याकरिता. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता फीत लावावी. माप ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक आल्यास सावध व्हावे.

उपाय उपासाचा नाही. उपासाने स्नायू आणखी झिजतात. भात, साखर व तेल आवरून डाळी, मोड आलेली कडधान्ये, दही, अंडी वा मासळी वाढवावी. पालक व चणाडाळीची सिंधी साईभाजी हे उल्हासनगरच्या घराघरांतील उत्तम उदाहरण होय. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे. दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून वारंवार उठणे-बसणे हीदेखील चांगली सुरुवात आहे.

वजन एकाएकी वाढल्यास थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र एक दिवसही दवडू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले असून उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय या परिसरास जवळ आहे. साऱ्या घराचे पथ्यपाणी सांभाळणाऱ्या स्त्रीने वर्षातून एक दिवस स्वतःच्या तपासणीसाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे.