संगणककक्षातील जुळे ग्राहक : ओळख व उपाय

उद्देश : दोन संगणकांना एकच पत्ता मिळाल्यास त्याचे कारण ओळखून दोष दूर करता येणे.

साहित्य : चालू राउटर, तक्रार असलेले दोन संगणक, नोंदवही.

१. विषयप्रवेश

एक संगणक सुरू केला की दुसऱ्याची जोडणी तुटते, असा अनुभव काही शाळांतून येतो. मग दुसऱ्या यंत्रावर ‘नादुरुस्त’ असा शेरा पडून ते कपाटात जाते, आणि त्यावर बसणारी मुले वर्षभर इतरांच्या खांद्यावरून पाहत राहतात. वस्तुतः यंत्र धडधाकट असते. घोटाळा असतो तो त्याच्या ओळखीचा.

२. विवेचन

जाळ्यातील प्रत्येक संगणकास स्वतंत्र आयपी पत्ता लागतो. तो आपोआप देण्याच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. १९९३ साली ती प्रमाणरूपाने प्रथम मांडली गेली व १९९७ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. पत्ता मागणारा संगणक हा ‘ग्राहक’ होय; देण्याचे काम लहान शाळेत राउटरच करतो. ग्राहक विचारणा करतो, राउटर मोकळा पत्ता देऊ करतो, ग्राहक तो मागतो आणि राउटर मान्यता देऊन नोंद ठेवतो. हा पत्ता कायमचा नसून मुदतीचा असतो.

राउटर ग्राहकास दोन खुणांनी ओळखतो : जाळेकार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, अथवा संगणकाने स्वतः पाठविलेली ग्राहक-खूण. ग्राहक-खूण आली असल्यास तीच प्रमाण मानावयाची असते. एकाच नावाची दोन मुले वर्गात असता शिक्षकांनी जनरल रजिस्टरचा क्रमांक न पाहता केवळ नावावरून नोंद केली, तर दोघांची हजेरी एकाच ओळीत पडेल. तद्वत् दोन यंत्रांनी एकच खूण सांगितली की राउटर दोघांस एकच समजून तोच पत्ता देतो.

३. कारणे

(अ) एका संगणकाची हार्ड डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरविणे. काही लिनक्स प्रणालींत ग्राहक-खूण ‘मशीन-आयडी’ या फाइलीवरून बनते. नकलेबरोबर तीही जाते.
(आ) दोन जोडकार्डांवर एकच मॅक पत्ता असणे. हे क्वचित घडते.
(इ) एका यंत्रास हाताने दिलेला पत्ता राउटरने दुसऱ्यास देणे. येथे ग्राहक जुळे नसतात. लक्षण मात्र तेच दिसते.

४. कृती

(१) एका वेळी एकच यंत्र जोडून त्याचा आयपी व मॅक पत्ता नोंदवहीत लिहावा. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ या आज्ञेने दोन्ही दिसतात. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे.
(२) मॅक पत्ते सारखे असल्यास एक कार्ड बदलावे.
(३) मॅक पत्ते भिन्न, पण आयपी एकच असल्यास प्रथम पत्ता ‘आपोआप’ घेतला जातो की हाताने दिला आहे, हे पाहावे. दोन्हीकडे आपोआप असल्यास नकललेल्या लिनक्स यंत्रावरील ‘मशीन-आयडी’ फाइल जाणकाराकडून रिकामी करवून यंत्र पुन्हा सुरू करावे. नवी खूण तयार होते.
(४) हाताने द्यावयाचे पत्ते राउटरच्या वाटपाबाहेर ठेवावेत. उदाहरणार्थ, वाटप १९२.१६८.१.१०० ते १९९ असल्यास मुद्रकास १९२.१६८.१.२० द्यावा.

राउटर बंद करून चालू केल्याने काही वेळ जोडणी सुरळीत झाल्यासारखी वाटते. परंतु कारण कायम असल्याने दोष पुन्हा उद्भवतो.

५. वर्गातील उपयोग

एका विद्यार्थ्यास राउटर करून त्याच्याजवळ क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. इतरांनी आपली नावपट्टी दाखवून चिठ्ठी घ्यावी. दोघांच्या हाती मुद्दाम एकच नावपट्टी द्यावी. गोंधळ कोठे झाला, हे मुलांनीच शोधावे.

६. सूचना

प्रत्येक यंत्राचा क्रमांक, मॅक पत्ता व तपासणीचा दिनांक नोंदवहीत असावा. ही तपासणी झाल्याखेरीज जोडणीच्या तक्रारीवरून कोणत्याही यंत्रावर ‘नादुरुस्त’ असा शेरा मारू नये.