आवाज वाढवण्याआधी लाइन बघा

होम थेटरच्या खोक्यावर '१००० वॅट' असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. आमच्या खोक्यावरही होतं. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि सगळं पोटात घेऊन बसलेला एकच रिसीव्हर. गाणी बरी वाजायची. सिनेमात वादळ किंवा लढाई आली की मात्र पडद्यावर 'प्रोटेक्ट' दाखवून रिसीव्हर गप्प व्हायचा, आणि तेही बहुतेक वेळा संध्याकाळी. आरमोरीच्या शिवारात उन्हाळी धान उभं असलं की मोटारी चालू असतात, पंखे मंदावतात, ट्यूबलाइट पेटायला वेळ घेते. त्याच वेळी आम्ही त्या डब्याकडून जास्तीत जास्त ताकद मागत होतो.

त्याचा शेवट एका वादळात झाला. खांबावरचा न्यूट्रल सुटला. तीन फेजच्या लाइनवर असं झालं की काही घरांत दिवे मिणमिणतात, तर काही घरांत दाब २३० वरून साडेतीनशे-चारशे व्होल्टकडे चढू शकतो. आमचं घर दुसऱ्या गटात होतं. रिसीव्हर नागपूरला नेला तेव्हा उत्तर मिळालं, बोर्ड मिळत नाही. डीकोडर, एचडीएमआय, पाचही चॅनेलचे अ‍ॅम्प्लिफायर आणि त्या सगळ्यांचा एकच ट्रान्सफॉर्मर, असं सगळं एका डब्यात. एक भाग गेला की पूर्ण डबा भंगारात.

यावरचा उपाय मला आपल्याच भागातल्या नाटकांच्या साउंडवाल्यांनी शिकवला. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली याच रंगभूमीसाठी पद्मश्री जाहीर झाली. ही नाटकं शंकरपटाच्या किंवा मंडईच्या गावात, मोकळ्या मैदानात, मिळेल त्या लाइनवर किंवा जनरेटरवर उभी राहतात. तिथे मिक्सर वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळे, आणि जमलं तर एक जास्तीचा. दुसऱ्या अंकात एक अ‍ॅम्प बसला तर वायर काढून दुसऱ्यात घालायची, नाटक थांबत नाही. ज्यांचं पोट त्या आवाजावर चालतं ते सगळं एका डब्यात कधीच कोंबत नाहीत. घरातही हेच करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या वॅटांचं बघू. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा एकच चॅनेल वाजवून, एकाच स्वरावर, १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला असतो. खरा आकडा माहितीपत्रकात आत लपलेला असतो: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्‌झ, विकृती १ टक्क्याहून बरीच कमी, आणि किती चॅनेल एकदम चालवून. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अशा फुगवलेल्या आकड्यांना आळा घालायला १९७४ मध्येच नियम केला आणि २०२४ मध्ये तो सुधारला. आपल्याकडे दुकानात उभं राहून आपणच विचारायचं.

ताकद लागते तरी किती? साधं संभाषण एका वॅटवर आरामात ऐकू येतं. पण सिनेमातला धमाका त्याहून २० डेसिबल वर उसळला तर त्या क्षणाला शंभरपट, म्हणजे १०० वॅट लागतात. स्वस्त रिसीव्हरचा लहान ट्रान्सफॉर्मर पाच चॅनेलना एकदम ते देऊ शकत नाही. सरासरी वापर मात्र कमीच राहतो, म्हणून वेगळा अ‍ॅम्प घेतला की बिल फुगेल ही भीती बाळगू नका.

पूर्ण वेगळा प्रोसेसर महाग पडतो. मधला रस्ता असा: 'प्री-आउट', म्हणजे बाहेरचा अ‍ॅम्प जोडायची जागा, असलेला रिसीव्हर डोकं म्हणून ठेवायचा आणि समोरच्या तीन स्पीकरांना वेगळा पॉवर अ‍ॅम्प द्यायचा. संवाद मधल्या स्पीकरवर येतात, जोर समोरच्या तिघांवरच पडतो. मागचे दोन रिसीव्हरवर राहू द्या. फक्त एक गोष्ट विकत घेण्याआधी स्वतः मागचं पॅनल फिरवून बघा. स्वस्त रिसीव्हरांना बहुधा सबवूफरचाच प्री-आउट असतो, समोरच्या चॅनेलांचा नसतो. मग पुढे अ‍ॅम्प जोडायची वाटच बंद होते. वेगळ्या अ‍ॅम्पचा आणखी मोठा फायदा म्हणजे दुरुस्ती. पुष्कळ साध्या अ‍ॅम्पमध्ये २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी असते. साउंडचं काम करणाऱ्या कुठल्याही कारागिराला ती ओळखीची आहे.

आता लाइन. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर खाली येतो, आणि ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. लाइन २३० वरून १८० व्होल्टवर आली तर १०० वॅटचा अ‍ॅम्प साधारण ६१ वॅटच देतो. म्हणून अ‍ॅम्पच्या आधी मल्टिमीटर आणा आणि आठवडाभर संध्याकाळचा दाब लिहून ठेवा. सतत खाली जात असेल तर अ‍ॅम्पच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा मोठ्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लागेल. संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर पॉवर अ‍ॅम्प कधीही लावू नका. त्यावर फार तर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स.

मुख्य बोर्डापासून २.५ चौरस मिमी तांब्याची वेगळी वायर, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी, शेवटी १६ अँपिअरचं सॉकेट. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो, त्यामुळे 'बी' ऐवजी 'सी' प्रकारची एमसीबी घ्या, नाहीतर ती विनाकारण पडत राहील. टीव्ही, रिसीव्हर, अ‍ॅम्प एकाच ठिकाणाहून जोडा, म्हणजे स्पीकरमधली घरघर टळते. घरघर आलीच तर आधी डिश किंवा केबलची वायर काढून बघा. अर्थिंगची पिन कापून ती घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा.

न्यूट्रल सुटण्यावर औषध एकच: बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो लाइन तोडतो. होम थेटरच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे. पण जवळच कोसळणाऱ्या विजेपुढे कुठलाच डबा टिकेल याची खात्री नाही. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा आणि डिशची वायरही काढा.

बारीकसारीक दोन-चार गोष्टी. चालू करताना रिसीव्हर आधी, अ‍ॅम्प शेवटी; बंद करताना अ‍ॅम्प आधी. लाइन गेली तर अ‍ॅम्पचा खटका लगेच बंद करा. अ‍ॅम्प काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका, आणि जाळीतून पाल शिरणार नाही याची काळजी घ्या. आपल्याकडे तिच्यामुळे शॉर्ट होऊन जळालेले अ‍ॅम्प साउंडवाल्यांनी पुष्कळ उघडले आहेत.

पैसे कमी असतील तर पाच स्पीकरांचा हट्ट सोडा. दोन चांगले स्पीकर, दोन चॅनेलचा खरा अ‍ॅम्प आणि पक्की अर्थिंग एवढं आधी करा, बाकीचं पुढच्या धानावर. नागपूरला खरेदीला निघण्याआधी गावातल्या वायरमनला घरी बोलावून लाइन तपासून घ्या.