सप्ताहाच्या निर्माल्याचं खत : कामरगावच्या देवळांसाठी कृती

हरिनाम सप्ताहाचा काला होतो, मंडप उतरतो आणि देवळामागे झेंडूच्या माळा, बेल, केळीचे खांब नि उष्ट्या पत्रावळी उरतात. देवाला वाहिलेलं पायदळी येऊ नये म्हणून निर्माल्य नाल्यात, विहिरीत सोडायची रीत पडली. भावना खरी आहे, पण पाणी नासतं. मातीत घातलं तर भावनाही राहते आणि पाणीही. पत्रावळींचं मात्र वेगळं दुखणं आहे : त्या उचलायचं काम बहुतेक गावांत ठरावीक घरांच्याच वाट्याला येतं. म्हणून ही कृती खड्ड्यापासून नव्हे, पाळीपासून सुरू होते.

सप्ताहाच्या बैठकीत वीणा आणि पंगतीच्या पाळ्या लागतात, त्याच वहीत झाडण्याच्या पाळ्या लिहा. सात दिवस, सात पाळ्या. एका पाळीत एकाच वस्तीची माणसं नकोत, आणि पहिल्या दिवशी झाडू समितीच्या अध्यक्षांच्या हाती हवा. नुसतं उचलायला म्हणून कोणाला बोलावू नका. जो झाडेल तो त्याच पंगतीत बसेल. हा आपल्याच वऱ्हाडाचा वारसा आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पंढरपुरातली आपली धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला जागा दिली. गावातल्या विहाराच्या आणि दर्ग्याच्या मंडळींनाही बैठकीला बोलवा. जयंतीच्या हारांचं आणि चादरीवरच्या फुलांचंही असंच खत होतं.

पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या. थर्माकोल आणि वरून प्लास्टिक चढवलेल्या कागदी ताटल्या कुजत नाहीत. पिण्याला घरोघरचे तांबे-पेले चालतात. धुवायची पाळीही वहीतच लिहा, नाहीतर ती आपोआप बायांवर येते.

आता खड्डा. विहीर आणि हातपंपापासून किमान ५० फूट लांब, उंचवट्यावर, झाडाच्या सावलीत जागा पाहा. ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल असे दोन खड्डे शेजारी शेजारी खणा : एक भरायला, दुसरा पलटी मारायला. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. त्यामुळे गणपती-गौरीच्या दिवसांत खड्डा न करता जमिनीवरच ढीग लावा आणि वर ताडपत्री टाका. माघातल्या सप्ताहाला खड्डाच बरा.

निवडण्यात घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. माळांचे दोरे ओढून काढा. कापराच्या पुड्या, उदबत्तीची वेष्टनं, कापडी-प्लास्टिकची फुलं, जरी, फोटो वेगळे ठेवा. गुलाल-कुंकवाने माखलेली फुलंही खतात नकोत, रंग कशाचा असतो ते आपल्याला कळत नाही. नारळाची करवंटी चुलीला द्या. केळीचे खांब कोयत्याने बोटभर तुकडे करून टाका, अख्खा खांब महिनोन्महिने तसाच राहतो. उरलेला भात-वरण खड्ड्यात घालू नका, उंदीर आणि कुत्री येतात. गाईपुढेही घमेलंभर ओतू नका. एकदम जास्त भात-पोळ्या खाल्ल्या तर जनावर पोट फुगून दगावू शकतं. मुळात अन्न मोजून शिजवा.

भरताना तळाला पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा वीतभर थर द्या, त्यातून हवा खेळते. त्यावर एक टोपलं निर्माल्य आणि फाडलेल्या पत्रावळी, मग एक टोपलं सोयाबीनचं कुटार. फुलं ओली असतील तर कुटार दोन टोपली. वरून शेणकाला शिंपडा आणि दोन मुठी शेतातली माती पसरा. असेच थर चढवत जा. रोज संध्याकाळी हरिपाठाआधी हे उरकलं तर वास येत नाही. भरलेला खड्डा माती आणि कुटाराने झाका.

चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई मध्यभागी खुपसा आणि पाच मिनिटांनी काढून हात लावा. गरम लागली तर काम सुरू आहे. थंड असेल आणि मुंग्या दिसत असतील तर कोरडं पडलंय, शेणकाला शिंपडा. कुजका वास आला तर पाणी जास्त झालंय. कुटार मिसळून खालीवर करा. मूठभर घेऊन दाबलं की हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. दर पंधरा दिवसांनी सगळं शेजारच्या खड्ड्यात पलटा. पलटी हे जड काम आहे आणि सप्ताहाचा उत्साह ओसरल्यावरच ते येतं, म्हणून त्याही तारखा त्याच वहीत आधीच लिहून ठेवा.

साधारण तीन महिन्यांत, म्हणजे माघात भरलेला खड्डा असेल तर अक्षय तृतीयेच्या सुमारास, खत काळं, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास सुटतो. जाड चाळणीने चाळा. वरचं जाडंभरडं पुढच्या खड्ड्याला विरजण म्हणून राखा.

वाटणीत आधी मान ज्यांच्याकडे ना शेत ना जनावर त्या घरांचा. बी-बियाण्याची पुडी आणि पाटीभर खत त्यांच्या दारात नेऊन द्या. कोहळा, दोडका, वालाच्या वेलाला एका आळ्यात दोन ओंजळी पुरतात. उरलेलं देवळापुढच्या पिंपळ-कडुनिंबाच्या नव्या रोपांना, बुंध्यापासून वीतभर लांब, मातीत मिसळून घाला.