नवतपात लॅपटॉपचा पंखा घोंघावतो तेव्हा: खर्च कशावर करावा, कशावर नाही

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो, हे इथे कोणाला सांगायला नको. पण बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एक बारीक ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही: वापराच्या जागेचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं. टिनाखालच्या खोलीत भर दुपारी हे शक्यच नसतं. मग मुलीचा ऑनलाइन क्लास किंवा नोकरीची मुलाखत सुरू झाली की दहा मिनिटांत पंखा घोंघावू लागतो, चित्र अडकतं, आवाज तुटतो आणि घरचे म्हणतात, ‘लॅपटॉप गेला, नवा घ्यावा लागेल.’ बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

पंखा खोलीतली हवा आत ओढतो आणि प्रोसेसरची उष्णता तिच्यासोबत बाहेर टाकतो. आत येणारी हवाच 42 अंशांची असेल, तर तो कितीही जोरात फिरला तरी फरक थोडाच पडतो. प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. चित्र अडकतं ते बऱ्याचदा इथेच, आणि दोष मात्र नेटवर्कला जातो. त्यात व्हिडिओ कॉल हे जड काम. आपलं चित्र सतत आकुंचित करून पाठवायचं, समोरच्या प्रत्येकाचं उलगडून दाखवायचं, आणि मागची भिंत धूसर केली असेल तर माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हेही क्षणोक्षणी शोधत राहायचं.

म्हणून सुरुवात बिनपैशाच्या उपायांनी करा. मागची भिंत धूसर करणं बंद करा. त्यापेक्षा कोऱ्या भिंतीकडे पाठ करून बसा. सगळ्यांचे चौकोन एकदम दिसणारा देखावा सोडून फक्त बोलणाऱ्याचं चित्र ठेवा. एचडी व्हिडिओ बंद करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि कॉल सोडून प्रोसेसर खाणारं जे दिसेल ते बंद करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 वर आणा. बऱ्याच लॅपटॉपांत एवढ्याने प्रोसेसरची जादा धाव थांबते आणि पंखा लगेच शांत होतो. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही. तिथे वीज वाचवणारा पॉवर मोड निवडा. चार्जिंगनेही उष्णता वाढते, म्हणून बॅटरी धड असेल तर कॉलच्या आधी ती भरून घ्या. आणि लॅपटॉप बाजेवर, गोधडीवर, मांडीवर ठेवू नका. खालची जाळी दबली की हवेची वाटच बंद होते. दोन जाड पुस्तकं मागच्या कडेखाली सरकवली, जाळी मोकळी ठेवून, तरी चालतं.

आता कूलरबद्दल. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीची हवा चांगली उतरवतो, आणि लॅपटॉपला गरज थंड हवेचीच असते. दीडशे-दोनशे वॅटचा कूलर पाच ते सात तासांत एक युनिट वीज घेतो. मुलाखत दुपारची असेल तर अर्धा तास आधी तो लावा, खिडकी थोडी उघडी ठेवा. फक्त लॅपटॉप थेट झोतात ठेवू नका. त्या झोतातले पाण्याचे बारीक थेंब आत क्षार सोडतात. पावसाळा लागला की कूलरच्या दमट हवेचा उपयोग उरत नाही. तेव्हा साधा छताचा पंखा बरा.

कूलिंग पॅड आठशे ते दोन हजारांपर्यंत मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: तापलेल्या खोलीत ते तापलेलीच हवा खालून मारतात, त्यामुळे पहिला खर्च त्यावर नको. चारशे-सहाशेचा लोखंडी स्टँड जास्त कामाचा. समोरच्याला आपल्या पंख्याची घरघर ऐकू जात असेल, तर तीन-चारशे रुपयांचे वायरचे माइकवाले इअरफोन घ्या. माइक पंख्यापासून तोंडाजवळ येतो. आवाज गाळणारी सोय कॉलच्या ॲपमध्येच असते, पण तीही प्रोसेसरवर बोजा टाकते. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून लॅपटॉपसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेऊ नका. चार्जरवर ‘100 ते 240 व्होल्ट’ छापलेलं असतं, ते एकदा पाहून घ्या.

एवढं करूनही पंखा थांबत नसेल तर आत धूळ आहे. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यात ही काळी बारीक धूळ पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. इथे सहा महिन्यांनी, इतरत्र वर्षातून एकदा सफाई करून घ्यावी. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरने हवा मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय जोर इतका की पंख्याची पाती तुटतात. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट मिळून स्थानिक दुकानात साधारण पाचशे ते हजार रुपये पडतात. पंखाच खरखरत असेल तर बदलायला मजुरीसह हजार ते अडीच हजार. दुकानदार जीएसटी लावत असेल तर दुरुस्तीवर 18 टक्के धरा.

माझ्याच लॅपटॉपला एका दुकानात मदरबोर्ड गेल्याचं सांगून नऊ हजारांचा आकडा दिला होता. दुसरीकडे जाळी साफ केली, पेस्ट बदलली, काम सहाशेत झालं. तेव्हापासून मोठा खर्च सांगितला की मी आधी सफाईच करायला सांगतो आणि काढलेला भाग परत मागतो. एका गोष्टीत मात्र थांबू नका: टचपॅड वर उचललं गेलं किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. नवी बॅटरी दोन ते पाच हजारांत येते, आणि इथे काटकसर करू नये.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या वाचकांचा हिशेब वेगळा. सिरोंचाहून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे 200 किलोमीटर. सहाशेच्या सफाईसाठी जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेला दिवस धरला तर खर्च दुप्पट होतो. लॅपटॉप ठेवून यावा लागला तर दोन फेऱ्या. म्हणून निघण्याआधी खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर दुकानदाराला फोनवर कळवा, पंखा हाताशी आहे का आणि काम त्याच दिवशी होईल का ते विचारा. गावातल्या दोघातिघांचे लॅपटॉप एकाच फेरीत न्या. नवा घेताना घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

वॉरंटी चालू असेल तर बाहेर उघडू नका, कंपनीकडेच द्या. दुरुस्तीची पावती कागदावर घ्या. त्यावर काय बदललं आणि किती दिवसांची हमी, हे लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं, तरी पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.